खासदारांचा संसदेतला हिशेब कसा तपासायचा?

खासदार दिल्लीत नेमकं काय करतात, हे विचारणारी बरीच पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतून आली. त्यांतले काही प्रश्न उत्तरांसह इथे देत आहोत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

आमच्या सोसायटीत खासदारांचा कार्य अहवाल घरोघरी वाटला गेला. ‘लोकसभेत शेकडो प्रश्न विचारले’ असं त्यात छापलं आहे. हे घरबसल्या तपासता येईल का? आणि एवढे प्रश्न म्हणजे काम चांगलं, असं समजायचं का?
*– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व*

आकडा तपासायला दहा मिनिटं पुरतात. तो आकडा काय सांगतो हे कळायला मात्र एखादी संध्याकाळ काढावी लागेल, आणि ती जरूर काढा.

‘डिजिटल संसद’ म्हणजे संसद डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर लोकसभा निवडून प्रश्नांच्या विभागात जा. लोकसभा अठरावी निवडा. सदस्याचं नाव टाइप करण्यापेक्षा यादीतून निवडलेलं बरं, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी समोर काहीच येत नाही. मग प्रश्न क्रमांक, तारीख, मंत्रालय आणि विषय अशी यादी दिसते. प्रत्येक प्रश्नाची उत्तरासह पीडीएफ असते, हिंदीत आणि इंग्रजीत.

आता आकड्याचा अर्थ. लोकसभेत प्रश्नोत्तराच्या प्रत्येक दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीवर असतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर फक्त लेखी मिळतं. प्रश्नोत्तराचा तास सकाळी ११ ते १२ असतो. त्या तासात २० पैकी मोजकेच तारांकित प्रश्न तोंडी होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखीच पटलावर ठेवली जातात. म्हणजे कार्य अहवालातले शेकडो प्रश्न ‘विचारले’ असले, तरी त्यांतले बहुतेक सभागृहात कुणी उच्चारलेलेही नसतात. यात काही गैर नाही. लेखी प्रश्न हे उत्तम हत्यार आहे. फक्त प्रश्न विचारणं आणि भाषण करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी गोष्ट क्लबिंगची. एकाच विषयावर अनेक सदस्यांनी प्रश्नाच्या सूचना, म्हणजे नोटिसा, दिल्या की लोकसभेचं सचिवालय त्या एकत्र करतं आणि एकाच प्रश्नावर सगळ्यांची नावं छापतं. मग तो प्रश्न त्या प्रत्येकाच्या खात्यात जमा होतो. पीडीएफच्या वरच्या भागात किती नावं आहेत ते पाहा. शिवाय कुठल्या सूचना यादीवर आधी येणार हे सोडतीने ठरतं. एका सदस्याचे एका दिवशी जास्तीत जास्त पाच प्रश्न यादीवर येतात आणि त्यांत तारांकित एकच असू शकतो. तारांकित प्रश्न कमी दिसले म्हणून लगेच दोष देऊ नका.

आमचा सल्ला असा: सगळी मुदत चाळत बसू नका, एकच अधिवेशन घ्या. त्यातले सगळे प्रश्न उघडा आणि तीन गठ्ठे करा. आपल्या भागाबद्दलचे, महाराष्ट्राबद्दलचे किंवा देशभराचे, आणि पाच-सहा नावांमध्ये आपल्या खासदाराचं नाव जोडलं गेलेले. पहिल्या गठ्ठ्यात काय आहे यावरून पुष्कळ कळतं.

आणखी एक. खासदार केंद्रात मंत्री असतील तर त्यांच्या नावावर एकही प्रश्न दिसणार नाही. मंत्र्यांनी उत्तरं द्यायची असतात, प्रश्न विचारायचे नसतात.

ऐरोली–कळवा उन्नत रेल्वेमार्गावर लोकसभेत काय विचारलं गेलं ते शोधतोय. ‘कळवा’ टाकलं की काहीच येत नाही. दुसऱ्या एका रेल्वेप्रश्नाचं उत्तर सापडलं, पण त्यात ‘माहिती गोळा केली जात असून ती पटलावर ठेवली जाईल’ एवढंच आहे. म्हणजे प्रकरण संपलं का?
*– दोन वाचक, ऐरोली आणि दिघा*

आधी शोधाबद्दल. शोध प्रश्नाच्या शीर्षकावर चालतो आणि शीर्षकं सरकारी ठोकळ्याची असतात: ‘महाराष्ट्रातील रेल्वे प्रकल्प’, ‘उपनगरी रेल्वे सेवा’, ‘स्थानकांचा पुनर्विकास’. गावाचं नाव आत दडलेलं असतं. ऐरोली–कळवा हा मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला, म्हणजे ‘एमयूटीपी ३’ मधला. म्हणून एमयूटीपी, मुंबई उपनगरी, महाराष्ट्र अशा शब्दांनी शोधा, मंत्रालय रेल्वे निवडा आणि पीडीएफ उघडून आतला मजकूर चाळा. कळवा इंग्रजीत ‘डब्ल्यू’नेही लिहितात आणि ‘व्ही’नेही. दोन्ही करून पाहा. खासदाराच्या नावाची अटही काढून टाका. आपल्या भागाचा प्रश्न कित्येकदा शेजारच्या मतदारसंघातल्या खासदाराने विचारलेला असतो, कारण रेल्वे मतदारसंघाच्या हद्दीत थांबत नाही.

आता तुमच्या उत्तराबद्दल. प्रकरण संपलेलं नाही, उलट तिथून पुढे सरकारवर एक बंधन आलं आहे. ‘माहिती गोळा केली जात आहे’, ‘विषय विचाराधीन आहे’, ‘मी यात लक्ष घालीन’ अशी ठरावीक वाक्यं सरकारी आश्वासन म्हणून नोंदली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती त्यांचा पाठपुरावा करते आणि मंत्रालयाने आश्वासन साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. मंत्रालयं मुदतवाढ मागतात, कधी आश्वासन वगळण्याचीही विनंती करतात. पूर्तता झाली की संसदीय कामकाज मंत्रालय तसं निवेदन पटलावर ठेवतं. म्हणून प्रश्न क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पटलावरच्या कागदपत्रांत आणि आश्वासन समितीच्या अहवालांत तोच क्रमांक शोधा. सापडला नाही तर खासदारांच्या कार्यालयाला लेखी विचारा की या आश्वासनाचं काय झालं. आपल्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. प्रश्न विचारल्याची बातमी येते, पण उत्तर अर्धवट राहिल्याची येत नाही.

उत्तर वाचायचीही एक पद्धत आहे. प्रश्नाचे (क), (ख), (ग), (घ) असे भाग असतात आणि उत्तर पुष्कळदा ‘(क) ते (घ)’ असं एकत्र दिलेलं असतं. पेन्सिल घेऊन प्रत्येक भागाला उत्तर मिळालं का ते जुळवा. ठाणे स्थानकाचा आकडा मागितला आणि उत्तरात मध्य रेल्वेचा किंवा सगळ्या राज्याचा दिला, हे नेहमीचं. खर्च विचारला तर मंजूर रक्कम सांगतात, झालेला खर्च सांगत नाहीत. ज्या भागाला बगल दिली, तोच पुढच्या अधिवेशनात विचारण्याचा प्रश्न. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाच्या उत्तरांचा वार ठरलेला असतो. त्यामुळे खासदारांकडे मागणी घेऊन जायचं तर अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्याबरोबर जा. अधिवेशन सुरू झाल्यावर गेलात तर बहुधा उशीर झालेला असतो.

घोडबंदर रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल आमच्या खासदारांचा एकही प्रश्न सापडला नाही. का?
*– एक वाचक, ओवळा*

कारण तो राष्ट्रीय महामार्ग नाही. केंद्र सरकारच्या अखत्यारीबाहेरचा प्रश्न लोकसभेत स्वीकारला जात नाही. असा रस्ता, पाणी, कचरा हे विषय विधानसभेचे आणि महापालिकेचे. मेट्रोच्या बाबतीत जरा बारकाईने पाहा. वडाळा–कासारवडवली मेट्रो ४ एमएमआरडीए, म्हणजे राज्य सरकारचं प्राधिकरण, राबवते. ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो मात्र केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केली: २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी रुपये. तिच्यावर गृहनिर्माण आणि नगरविकास मंत्रालयाला खुशाल प्रश्न विचारता येतो. तो विचारला गेला का, हे अवश्य पाहा.

एखाद्या विधेयकावर आमच्या खासदाराने कुठल्या बाजूने मत दिलं, याची यादी कुठे मिळते?
*– एक वाचक, नौपाडा*

बहुतेक वेळा अशी यादी नसतेच. सभागृहातली बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘हो’वाल्यांचा आवाज मोठा की ‘नाही’वाल्यांचा हे पीठासीन अधिकारी ठरवतात आणि कुणाचंही नाव नोंदलं जात नाही. एखाद्या सदस्याने मतविभाजन, म्हणजे मतं मोजून घेण्याची मागणी, केली आणि ते झालं, तरच नावं नोंदली जातात. अविश्वास ठरावाचंच पाहा. २० जुलै २०१८ चा ठराव मतविभाजनाने फेटाळला गेला, बाजूने १२६ आणि विरोधात ३२५. त्या दिवशीची प्रत्येकाची भूमिका आजही वाचता येते. १० ऑगस्ट २०२३ चा ठराव आवाजी मतदानाने फेटाळला गेला आणि वैयक्तिक मतांची नोंद राहिली नाही.

घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, म्हणून तिथे मतविभाजन होतंच. महिला आरक्षणाच्या विधेयकावर २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशी मतं पडली. त्या तारखेचा वादविवाद उघडा आणि ‘डिव्हिजन’ हा शब्द शोधा. खाली बाजूच्या आणि विरोधाच्या नावांची यादी मिळेल. मात्र ती सतरावी लोकसभा होती आणि तेव्हा ठाण्याचे खासदार वेगळे होते. आजच्या खासदारांचं नाव तिथे शोधून उपयोग नाही.

यादीखालच्या तळटीपा वगळू नका. सभागृहातल्या मतदान यंत्राने दाखवलेला आकडा दुरुस्तीला अधीन असतो. कुणाचं बटण चुकतं, कुणाचं मत नोंदलंच जात नाही, मग चिठ्ठीने दुरुस्ती होते. १७ डिसेंबर २०२४ रोजी एकत्र निवडणुकांचं घटनादुरुस्ती विधेयक मांडताना यंत्रावरचा पहिला आकडा आणि चिठ्ठ्यांनंतरचा आकडा यांत मोठा फरक पडला होता. म्हणून टीव्हीच्या पट्टीवरून मत ठरवू नका.

नाव दोन्ही यादींत नसेल तर सदस्य गैरहजर असतील, तटस्थ राहिले असतील (त्यांची नोंद वेगळी असते) किंवा अध्यक्षांच्या आसनावर असतील.

शेवटी व्हिपचं, म्हणजे पक्षाने काढलेल्या मतदानाच्या आदेशाचं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळे मतात खासदाराचं स्वतःचं मन क्वचित दिसतं. ते भाषणात आणि लेखी प्रश्नांत जास्त दिसतं.

मोबाइलवर खासदारांच्या भाषणाची तीस सेकंदांची चित्रफीत आली. पूर्ण भाषण कुठे मिळेल? मंत्र्यांनी त्यावर काय उत्तर दिलं?
*– एक वाचक, वाशी*

तारीख माहीत असेल तर संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीवर त्या दिवसाचं कामकाज पाहा. मजकूर वादविवादांच्या विभागात मिळतो. आधी असंशोधित, म्हणजे न तपासलेली, प्रत येते, अंतिम प्रत नंतर. हिंदी भाषण हिंदीतच असतं. मराठी भाषणाच्या जागी बहुधा भाषांतर छापून ‘मूळ भाषण मराठीत’ अशी तळटीप दिलेली असते. तेव्हा मराठी वाक्य शोधू नका, विषय शोधा. ‘भाषण पटलावर ठेवले’ अशी टीप दिसली तर ते भाषण बोललं गेलेलं नाही, लिहून दिलेलं आहे.

उत्तर मिळेल की नाही, हे भाषण कधी झालं त्यावर अवलंबून. विधेयकावरच्या चर्चेला मंत्री शेवटी उत्तर देतात. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, मांडलेल्या विषयावर उत्तर देण्याचं बंधन नाही. लोकसभेच्या कामकाजाच्या नियम ३७७ खाली मांडलेल्या विषयाचं उत्तर मंत्रालय थेट त्या खासदाराला पत्राने पाठवतं, ते सभागृहाच्या कागदपत्रांत शोधून सापडत नाही. खासदारांच्या कार्यालयाकडे ते पत्र मागा. नाही दिलं तर संबंधित मंत्रालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. अर्जात विषय आणि मांडल्याची तारीख अचूक लिहा.

खारघरला राहतो. ठाण्याचे खासदार आमचे का?
*– एक वाचक, खारघर*

नाही. ऐरोली आणि बेलापूर विधानसभा ठाणे लोकसभेत येतात. पनवेल विधानसभा, म्हणून खारघर आणि कामोठेही, मावळ लोकसभेत. तसंच कळवा–मुंब्रा कल्याण लोकसभेत आहे. पत्त्यात ‘ठाणे’ आहे म्हणून खासदार ठाण्याचेच, असं नसतं.

आम्ही कॉलेजचे चौघे जण मिळून वर्षभर एका खासदाराची नोंदवही ठेवणार आहोत. हजेरी, प्रश्न, चर्चा आणि खाजगी विधेयकं हे आकडे पीआरएसच्या पानावरून घेतले तर चालतील?
*– एक विद्यार्थिनी, कळवा*

सुरुवातीला चालतील. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही स्वतंत्र संस्था आहे आणि तिच्या पानावर राज्याची व देशाची सरासरी शेजारीच दिसते, ही मोठी सोय. पण हजेरी म्हणजे त्या दिवशी उपस्थिती नोंदवली, एवढंच. किती वेळ बसले ते त्यातून कळत नाही. मंत्री हजेरीची सही करत नाहीत. खाजगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेली, आजवर फक्त १४ संमत झाली, शेवटचं १९७० मध्ये. तेव्हा विधेयक मंजूर झालं नाही म्हणून गुण कापू नका, विषय कोणता निवडला ते वाचा.

पीआरएसच्या या चार आकड्यांत समितीचं काम येत नाही, ते तुम्ही जोडा. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या विभागीय स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. बैठका बंद दाराआड होतात, पण समितीच्या अहवालाच्या शेवटी बैठकींची इतिवृत्तं जोडलेली असतात आणि त्यांत हजर सदस्यांची नावं असतात. खासदार कुठल्या समितीवर आहेत ते त्यांच्या सदस्यपानावर मिळेल. तो अहवाल उघडा, थेट शेवटच्या पानांवर जा.

वहीत प्रत्येक नोंदीला तारीख, प्रश्न क्रमांक किंवा चर्चेचा विषय, प्रश्नावर किती नावं, उत्तरातला सुटलेला भाग आणि आश्वासन असल्यास त्याची तीन महिन्यांनंतरची तारीख, एवढे रकाने ठेवा. चौघांनी चार खासदार वाटून घेऊ नका. एकच खासदार घ्या आणि एकाची नोंद दुसऱ्याने मूळ पीडीएफशी ताडून पाहा. भाषणाची असंशोधित प्रत वापरली असेल तर रकान्यात तसं लिहा आणि अंतिम प्रत आली की दुरुस्त करा.