बँकॉकचा हप्ता आणि दापोलीची वहिनी

प्रश्न : ताई, मी नाशिकला सिडकोत राहते. नवरा अंबडला कंपनीत आहे, मी एका दवाखान्यात हिशेब बघते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहा. सासूबाई सत्तरीच्या, त्यांचे गुडघे दुखतात. मुलीच्या वर्गातल्या दोघीतिघी दुबई-थायलंड करून आल्या, तेव्हापासून घरात रोज तोच विषय. ह्यांनी एका टूरवाल्याकडून बँकॉक-पट्टायाचं पॅकेज काढून आणलंय, चौघांचे अडीच लाख. पर्सनल लोन घेऊ म्हणतात, दोन वर्षं महिना बारा हजार हप्ता. सासूबाई म्हणतात, मला लेकीकडे सोडा, पण त्यांचा चेहरा पडतो. मी म्हणते, दरवर्षीसारखं माझ्या माहेरी दापोलीजवळ जाऊ, नाहीतर घरीच राहू. ह्यावरून दोन आठवडे आमचा अबोला आहे. मी मुलांचं मन मारतेय का? खरं सांगायचं तर मलाही कुठेतरी नुसतं बसून राहायचंय.

उत्तर :

आधी हप्त्याचं बोलू या, कारण ते लवकर संपेल. अडीच लाख साधारण चौदा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले की हप्ता बारा हजारांच्या आसपास बसतो. चोवीस हप्त्यांचे होतात २,८८,०००. म्हणजे ३८,००० व्याजात गेले. पुढच्या मे महिन्यात मुलगी पुन्हा सुट्टीत असेल, पुन्हा कोणीतरी कुठेतरी जाऊन आलेलं असेल, आणि तुमचे निम्मे हप्ते अजून बाकी असतील. तेव्हा काय करणार, दुसरं कर्ज? दवाखान्याचे हिशेब बघणारीला हे मी सांगायला नको.

शिवाय अडीच लाख हा शेवटचा आकडा नाही. कागदाच्या खालच्या बारीक ओळी वाच. जीएसटी धरलाय का, टीसीएस (परदेशी सहलीवर टूरवाला आधीच गोळा करतो तो आयकर) धरलाय का. टीसीएस रिटर्न भरल्यावर परत मिळतो किंवा कराच्या रकमेतून वळता होतो हे खरं, पण तो आधी खिशातून जातो. दुपारची जेवणं आहेत का, नाशिकहून मुंबईच्या विमानतळापर्यंतची गाडी कोणाची, मुलाला वेगळा पलंग आहे की तो तुमच्या दोघांच्या मध्ये झोपणार. पासपोर्ट नसतील तर मोठ्यांचे दीड हजार आणि मुलांचे हजार माणशी धर. आणि मे महिन्यातलं बँकॉक म्हणजे नाशिकच्या उन्हाला वर दमटपणाची जोड. स्वस्त विमान बहुतेक वेळा मध्यरात्री सुटतं, त्यामुळे पहिला दिवस पोरं बसमध्ये झोपूनच काढतात. मग वाटेत रत्नांच्या दुकानात सगळ्यांना उतरवतात, तिथे तासभर जातो आणि कोणालाच काही घ्यायचं नसतं. (ह्या दुकानांवर कोणीतरी एकदा लिहायला हवं.)

तर कर्ज काढून थायलंड नको. ह्यात माझ्या मनात शंका नाही.

पण म्हणून तू बरोबर आणि नवरा चूक, असं मी म्हणणार नाही. तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मुलं, नवरा, सासूबाई, सगळ्यांचं नीट लिहिलंस आणि स्वतःचं जाता जाता, एका ओळीत. तुला नुसतं बसून राहायचंय. आता मला सांग, तू जे दोन पर्याय पुढे केलेस त्यात तू बसणार आहेस का? घरी राहिलीस तर मुलं दिवसभर घरात, दर दोन तासांनी काहीतरी खायला, सासूबाईंचा शेक, त्यात कुरडया-पापडांचं वाळवण, आणि सकाळी नवरा नेहमीसारखा कंपनीत. ही सुट्टी शाळेला लागली, तुला लागली नाही. आणि घरी राहणं फुकट असतं असंही समजू नकोस. शिबिराची फी, कूलरचं वाढलेलं बिल, ‘कंटाळा आला’ म्हणून मागवलेले पिझ्झे, सगळं जूनमध्ये एकदम दिसतं.

परदेशी सहलीत खरी चैन दोनच गोष्टींची असते. स्वयंपाकघर मागे राहतं, आणि नवरा आठवडाभर रजेवर असतो, तीही कंपनीचा फोन न उचलता. पट्टायाचा समुद्र त्यानंतर येतो. तुझ्या नवऱ्यालाही बहुतेक हेच हवंय, फक्त त्याला ते पॅकेजमध्येच मिळेल असं वाटतंय. घरी बसून रजा घेतली तर साहेब विचारतो, ‘कशाला?’ विमानाचं तिकीट दाखवलं की विचारत नाही. पुरुषांची ही अडचण आपण फारशी लक्षात घेत नाही.

म्हणून अबोला सोडताना त्याच्याशी बँकॉकवर बोलू नकोस, रजेवर बोल. मे महिन्यात सलग आठ दिवस. त्या आठ दिवसांत दोन्ही वेळचा पोळीभाजीचा डबा जवळच्या केंद्रातून किंवा बचत गटाच्या बाईंकडून. पाच माणसांचे पैसे जास्त वाटतील, पण व्याजाच्या त्या ३८,००० पुढे ते काहीच नाहीत. वाळवण ह्या वर्षी विकतचं आण. सासूबाई कुरकुरतील, कुरकुरू देत.

माहेराबद्दल मात्र मला थोडं टोचून बोलायचंय. तू दरवर्षी दापोलीला जातेस, तिथे आंबे असतात, फणस असतो, करवंदं असतात, पोरं मागीलदारी हुंदडतात. छान आहे. पण तिथे चुलीपाशी कोण असतं? तुझी वहिनी. तिच्या सुट्टीत दरवर्षी चार-पाच माणसांची पंगत वाढते, आणि तिने कधी कुणाला पत्र लिहिलं असेल तर ते माझ्याकडे आलेलं नाही. ह्या वर्षी गेलात तर चारच दिवस राहा, किराणा भरून द्या, आणि त्यातले दोन दिवस तिला आणि भावाला मुलांसकट कुठेतरी जाऊ दे. घर तुम्ही सांभाळा. नवऱ्याला रजा आहेच. तोही आमटी करू शकतो.

आता मुलीचं. तिला ‘परदेशात काय ठेवलंय, आपलं कोकण काय कमी आहे’ असं सांगू नकोस. अकरा वर्षांच्या मुलीला हे खोटं लगेच कळतं, कारण आई-बाबांचं दोन आठवड्यांचं भांडण तिने भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. तिला आकडा सांग. आपल्याकडे आत्ता एवढे पैसे नाहीत, कर्ज काढलं तर एवढे जास्त जातील, म्हणून आत्ता नाही. ह्यात मन मारणं नाही. पैशाबद्दल घरात गुळमुळीत बोललं की मुलांना वाटतं आपण मागितलं तेच चुकलं.

आणि ‘आत्ता नाही’ म्हटलंस तर ‘मग कधी’ हे तिला लगेच हवं असेल, म्हणून एक सुचवते. ज्या बारा हजारांचा हप्ता बँकेला द्यायला तुम्ही तयार होतात, तेच दर महिन्याला आरडीत टाका. ते जमत नसेल, तर कर्जाचा हप्ताही जमला नसता, एवढं तरी कळेल. जमलं तर दोन वर्षांत तेच २,८८,००० तुमच्या हातात असतील, वर थोडं व्याज तुम्हाला. मग थायलंड काय, बालीही बघता येईल. बालीला मे महिना कोरडा असतो, तिथे उन्हाळी सुट्टीत जाण्यात अर्थ आहे.

दोन वर्षं थांबायचं नसेल तर नेपाळ बघा, पण मे महिन्यात नाही, दिवाळीच्या सुट्टीत. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोखऱ्याच्या फेवा तलावावरून हिमशिखरं स्वच्छ दिसतात. मुंबईहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत, काही नाशिकरोडवरूनच जातात. पुढे बसने सोनौलीची हद्द, पलीकडे लुंबिनी, मग पोखरा. प्रवास लांबचा आहे, हे लपवत नाही. भारतीयांना व्हिसा लागत नाही. तुम्हा दोघांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागेल, मोठ्यांचं नुसतं आधार कार्ड चालत नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलांना आधार कार्डावर जाता येतं. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. मुलगी ‘हे काय फॉरेन आहे का’ म्हणेलच. तिला सांग, तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे असतं आणि दुकानांच्या पाट्या तिला स्वतःला वाचता येतील, कारण त्या देवनागरीत असतात. मैत्रिणींना दुबईत हे जमलेलं नाही.

सासूबाईंना नणंदेकडे ठेवायला हरकत नाही, पण ते नणंदेला आधी विचारून, आणि तिच्या सोयीच्या आठवड्यात. सत्तरीच्या बाईला ‘सोडलं’ जाणं आवडत नाही, लेकीने बोलावलेलं आवडतं. तो फोन नवऱ्याने करायचा, तू नाही. आई त्याची, बहीणही त्याचीच.

दापोलीचं ठरलं तर तिकिटांचं आजच बघ. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवसच आधी उघडतं आणि मेमधल्या कोकणच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात, त्यामुळे मला तरी एसटीच बरी वाटते. तुम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे. रात्रीची गाडी मिळाली तर खिडकीची जागा स्वतःसाठी ठेव, मुलांना नवऱ्याजवळ बसव.