नाडी वेडीवाकडी लागते तेव्हा

ताई, रिपोर्टवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ वाचून झोप उडाली असेल. माझीही उडाली होती. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, म्हणून नाडी वेडीवाकडी लागते. खरी भीती धडधडीची नाही. वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात. म्हणून तर रक्त पातळ ठेवणारी गोळी. आज बरं वाटतंय म्हणून ती आपल्या मनाने सोडायची नाही.

मला त्यातली वॉरफॅरिन आहे. आयएनआर (रक्त किती वेळाने गोठतं ते सांगणारा चाचणीचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवावा लागतो. पालक-मेथी बंद करा, असं शेजारीपाजारी सांगतील. बंद नको, प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात मी अळूच्या फतफत्याचा सपाटा लावला आणि आकडा घसरला, म्हणजे गोळीचा असर कमी पडला! गुडघा दुखला म्हणून केमिस्टकडून परस्पर पेनकिलर घेऊ नका, रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी डॉक्टरांना सांगा.

दादरचा पूल चढताना धाप लागली तर थांबा. पुढची लोकल येतेच (हे पटायला मला दोन वर्षं लागली). नाडी पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर आपल्या बाबतीत हिशेब चुकतो. थायरॉइडचं आणि घोरण्याचं डॉक्टरांना जरूर विचारा, या दुखण्यामागे ती कारणं असू शकतात.

तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बोबडं, अशी पक्षाघाताची लक्षणं दिसली की घरच्यांनी लगेच १०८ लावायचा. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासच असतात, आणि तुम्ही कोणती गोळी घेता हे तिथे आधी विचारतात. गोळ्यांची यादी पर्समध्ये ठेवा, रेल्वेच्या पासाजवळ.