'हूडू मॅन ब्लूज'मधली गिटार ऑर्गनसारखी का वाजते?

ब्लूज गायक ज्युनिअर वेल्सच्या 'हूडू मॅन ब्लूज' या अल्बमच्या शीर्षकगीतातला थरथरता गिटार टोन ट्रेमोलोचं पेडल लावूनही येत नाही, कोरसचं लावूनही येत नाही, असं एका वाचकाने लिहिलंय. येणारही नाही. तिथे पेडल नव्हतंच.

सप्टेंबर १९६५ मध्ये शिकागोत डेल्मार्क या रेकॉर्ड कंपनीसाठी हे रेकॉर्डिंग चालू असताना गिटारवादक बडी गायचा अ‍ॅम्प बंद पडला. तो दुरुस्त होईपर्यंत इंजिनिअर स्टू ब्लॅकने गिटार थेट हॅमंड ऑर्गनच्या लेस्ली स्पीकरला जोडली.

लेस्लीच्या पेटीत वरच्या पट्टीसाठी भोंगा फिरतो आणि खर्जासाठी खाली ड्रम, म्हणजे फिरतं पिंप. नेहमीच्या १२२ मॉडेलमध्ये ही विभागणी ८०० हर्ट्झला होते. भोंग्याला तोंडं दोन दिसतात, पण आवाज एकातूनच येतो. दुसरं फक्त तोल सांभाळायला. तोंड तुमच्याकडे वळलं की आवाज मोठा होतो, आणि वळता वळता सूरही किंचित चढतो-उतरतो. ट्रेमोलोत फक्त आवाज लहान-मोठा होतो. कोरसमध्ये मूळ आवाजात किंचित हललेला सूर मिसळतो, पण आवाज असा लहान-मोठा होत नाही. लेस्लीत दोन्ही एकदम होतं, शिवाय भोंगा आणि ड्रम कधीच एका लयीत नसतात.

खरी लेस्ली मिळाली तरी गिटारची केबल सरळ खुपसू नका. १२२ ला सहा पिनांचं सॉकेट आणि बॅलन्स्ड (दोन तारांवरून उलटसुलट जाणारा) सिग्नल लागतो, गिटारच्या पिकअपचा सिग्नल फार अशक्त पडतो. मध्ये सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प हवाच. घरी रोटरी सिम्युलेटर, म्हणजे लेस्लीची नक्कल करणारं पेडल, पुरे. क्रम असा: गिटार, अगदी थोडा ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित खरखरीत करणारं पेडल), मग रोटरी, मग क्लीन अ‍ॅम्प. ड्राइव्ह रोटरीनंतर लावला तर हेलकावे दाबले जाऊन नुसती घरघर उरते. मिक्सची घुंडी असेल तर पूर्ण वेट, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज. ड्राय, म्हणजे मूळ आवाज, मिसळला की पुन्हा कोरसच ऐकू येणार.

वेग कानाने जुळवा. लेस्लीचा भोंगा जलद गतीत मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला साडेसहाच्या आसपास हेलकावे. इतके मोजता येत नाहीत, म्हणून गाणं निम्म्या वेगाने लावा, दहा सेकंदांतले हेलकावे मोजा आणि पाचाने भागा. तो आकडा पेडलवर ठेवा. डेप्थ, म्हणजे हेलकाव्याची खोली, पूर्ण नको. गायकाच्या ओळीखाली सूर बेसूर वाटू लागला की ती जास्त झालीय.

एवढं करूनही बऱ्याचदा बिघडतं ते हातामुळे. या अल्बमवर पियानो नाही, दुसरी गिटार नाही: माउथऑर्गन, एक गिटार, जॅक मायर्सचा बेस आणि बिली वॉरनचे ड्रम्स, बस. सहाही तारा झोडल्या की रोटरी त्याचा लगदा करते. दोन-तीन तारांचे छोटे कॉर्ड घ्या, ओळ संपल्यावर उत्तर द्या आणि हात थांबवा. त्या रिकाम्या जागेतच हेलकावा ऐकू येतो.

माझं मत विचाराल तर आधी 'स्नॅच इट बॅक अँड होल्ड इट' बसवा. तिथे गिटार कोरडी ठक्क वाजते, इफेक्टमागे लपायला जागाच नाही.