घराचे हप्ते थकले, बँकेची नोटीस आली. आमदारांकडे गेलो तर जप्ती थांबेल का? (लातूर)

नाही. थकलेल्या कर्जापायी तारण घर जप्त करायचा अधिकार बँकेला देणारा २००२ चा सरफेसी कायदा केंद्राचा, आमदारांच्या हातातला नाही. आमदारांचं पत्र नेलं तर मॅनेजर फार तर चहा पाजेल. नोटिशीवर कलम १३(२) लिहिलंय का ते आधी बघा. असेल तर ६० दिवस हातात आहेत. त्यातच लेखी हरकत द्या, पोच घ्या. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुढे दारावर ताब्याची नोटीस चिकटवली की ४५ दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. दिवाणी कोर्टाला यात अधिकार नाही, तिथे वकिलाची फी घालवू नका.

आमदार कामाला येतात ते घरकुलाचा सरकारी हप्ता अडल्यावर. विधानसभेत तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं) लागला की पंचायत समितीतली फाईल बरोबर सापडते.