ट्रॅक्टरचे मागचे दोन्ही टायर नवे बसवले आहेत (गाव सांवेर, इंदूर). आता काय काळजी घ्यावी?

सगळ्यात आधी नट. नवा टायर बसवल्यावर चार-पाच तास काम झालं की नट थोडे सैल होतात, ते पुन्हा आवळून घ्या. दुसऱ्या दिवशी परत एकदा पाना लावा. बहुतेक जण इथेच आळस करतात आणि मग रिमची भोकं मोठी होतात.

हवेचं म्हणाल तर पंपावरच्या भियाने "फुल कर दूं?" विचारलं की नाही म्हणा! शेतात मागच्या टायरला साधारण 12 ते 14 पौंड पुरते. नक्की आकडा कंपनीच्या पुस्तिकेतला धरा. आपल्या काळ्या मातीत जास्त हवा म्हणजे चाक नुसतं जागेवर फिरणार, डिझेल जाणार आणि गट्टू (टायरवरचे उंच रबरी ठोकळे) झिजणार. भरलेली ट्रॉली घेऊन इंदूरच्या मंडीला डांबरी रस्त्याने जायचं असेल तर मात्र हवा वाढवा. कमी हवेत टायरची बाजू दबून तापते आणि तडकते. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा.

टायरमध्ये पाणी भरलं असेल तर व्हॉल्व्ह वर आणून मग मोजा, नाहीतर गेजमध्ये पाणी शिरतं.

सोयाबीन कापल्यावरचे खुंट खिळ्यांसारखे असतात. त्या दिवसांत संध्याकाळी टायरवर एक नजर टाकाच. डिझेल-ऑइल सांडलं तर पुसा, आणि ट्रॅक्टर सावलीत उभा करा.

हो, मागून पाहताना गट्टूंच्या व्हीचं टोक वरच्या बाजूला दिसतंय ना? उलट बसवलेले मी दोनदा पाहिलेत.