हवेतल्या रेडिओ लहरींवर मोबाइल चार्ज करता येईल का?

मोबाइल नाही. पण एखादा लहानसा सेन्सर नक्की चालू शकतो, आणि मला तरी तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

हिशोब करून बघा. मोबाइलच्या बॅटरीत साधारण १५ वॉट-तास ऊर्जा मावते. चांगला अँटेना लावून सतत १० मायक्रोवॉट मिळाले असं धरलं, तरी ती भरायला सुमारे १७० वर्षं लागतील! मोकळ्या जागेत टॉवरपासूनचं अंतर दुप्पट झालं की शक्ती एक चतुर्थांश उरते, हेही लक्षात घ्या.

खरी अडचण डायोडपाशी येते. अँटेनात मिळणारा व्होल्टेज इतका क्षीण असतो की एसीचं (दिशा सतत बदलणाऱ्या विजेचं) डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करणारा साधा डायोड त्याला दादच देत नाही. म्हणून कमी व्होल्टेजवर चालणारे शॉट्की डायोड वापरतात आणि मिळेल ती ऊर्जा थेंबाथेंबाने कपॅसिटरमध्ये साठवतात. पुरेशी साठली की सेन्सर क्षणभर जागा होतो, तापमान मोजून पाठवतो, पुन्हा झोपतो.

कल्पना जुनीच आहे. क्रिस्टल रेडिओ बॅटरीशिवाय, रेडिओ केंद्राच्या लहरींवरच इअरफोन वाजवायचा. २०१३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी टीव्हीच्या लहरींवर उपकरणं चालवली, आणि त्याच लहरी परावर्तित करून ती एकमेकांशी बोलतात हेही दाखवलं. स्वतःची लहर निर्माण करायचीच नाही, सगळी बचत तिथे!

करून बघायचं असेल तर क्रिस्टल रेडिओच बनवा. लांब तार आणि चांगलं अर्थिंग हवं. तार विजेच्या लाइनपासून दूर ठेवा.