पोच्यापेक्षा चार महिन्यांचा उशीर महाग

प्रश्न : लीजवर घेतलेली माझी इलेक्ट्रिक कार चार महिन्यांपूर्वी उंच गतिरोधकावर खालून आपटली. डॅशबोर्डवर कुठलाही दिवा लागला नाही, म्हणून वापरत राहिलो. मुदत संपल्यावर गाडी परत दिली, तेव्हा बॅटरीच्या आवरणाला पोचा आणि आत ओल सापडली. लीज कंपनीने अख्ख्या बॅटरी पॅकचं बिल लावून अनामत अडवली आहे आणि पंधरा दिवसांत उरलेले पैसे मागितले आहेत. गाडी तर शेवटपर्यंत नीट चालत होती. काय करू?

उत्तर : ‘गाडी नीट चालत होती’ हे वाक्य आधी सोडून द्या. असे प्रश्न विचारणारे बहुतेक जण तेच पुढे करतात, आणि तेच त्यांच्यावर उलटतं. आपटल्यानंतर न तपासता गाडी चालवल्याची ती लेखी कबुली होते.

मोटार विम्याच्या प्रचलित पॅकेज पॉलिसीत (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या) अपघाताची लेखी सूचना ताबडतोब द्यायची अट असते. तिच्याच पुढे आणखी एक अट आहे, जी कुणी वाचत नाही : दुरुस्तीआधी गाडी चालवली, तर त्यामुळे वाढलेलं किंवा नव्याने झालेलं नुकसान विमा घेणाऱ्याच्या जोखमीवर. म्हणजे आपटण्याच्या क्षणी झालेलं नुकसान या अटीने बाद होत नाही, बाद होतं ते पुढचं. तुमचं सगळं प्रकरण या एका फरकावर उभं आहे.

म्हणून पॅकमध्ये काय घडलं ते समजून घ्या. पोच्यामुळे आवरण दबतं, कधी कडेचं सील सुटतं. त्या दिवशी एवढंच झालं असेल, तर निर्मात्याच्या मर्यादेत बसत असल्यास खालचं संरक्षक कवच किंवा आवरण बदलून भागू शकतं. सील सुटलेली गाडी पावसापाण्यात चालली की ओल आत शिरते, कनेक्टर गंजतात, इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे विजेची गळती अडवण्याची क्षमता, उतरतो. दिवा लागतो तो हे मूल्य ठरलेल्या पातळीखाली गेल्यावर. सील फुटल्याचं त्याला कळत नाही, ते प्रेशर लीक टेस्टमध्ये, म्हणजे दाब देऊन गळती शोधणाऱ्या चाचणीत, कळतं. दुसऱ्याच दिवशी गाडी लिफ्टवर घेतली असती, तर आज बिल वेगळं दिसलं असतं. चार महिने एक ईमेलही पाठवू नये, याला मी निष्काळजीपणाच म्हणेन.

आता आजच्या आज लीज कंपनीला ईमेल आणि स्पीड पोस्टने पत्र पाठवा. पहिली मागणी अशी की जुना पॅक स्वतंत्र तपासणी होईपर्यंत भंगारात किंवा निर्मात्याकडे जाऊ देऊ नये. तो गेला की पुरावा संपला. मग बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या संगणकातले (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम) तारीखवार फॉल्ट कोड म्हणजे बिघाडाच्या नोंदी, इन्सुलेशनची मोजमापं, लीक टेस्टचा अहवाल, पोच्याची खोली दाखवणारे फोटो आणि आजवरची सगळी जॉब कार्ड, म्हणजे वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदी, मागा. जॉब कार्ड कशाला? जॅक चुकीच्या जागी लावूनही पॅकला पोचा पडतो. रस्त्यावरचा घासा बहुधा पुढून मागे ओढलेल्या लांब रेघांचा असतो. जॅकचा ठसा आटोपशीर असतो, जॅक पॉइंटच्या जवळ, रेघांशिवाय. असा ठसा दिसला तर जबाबदार माणूसच बदलतो. अंदाजपत्रकही कवच, आवरण, मॉड्यूल, मजुरी असं वेगवेगळं हवं.

पॉलिसी कुणाच्या नावावर आहे ते पाहा. लीजच्या गाडीत ती अनेकदा लीज कंपनीच्या नावावर असते, मग क्लेम तुम्हाला करता येत नाही. त्याच पत्रात अपघाताची तारीख, जागा आणि प्रकार लिहून कळवा की विमा कंपनीला लगेच सूचना द्या आणि पॅक उघडण्याआधी सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) बोलवा. उशिरासाठी विमा नियामकाने 20 सप्टेंबर 2011 ला काढलेल्या परिपत्रकाकडे बोट दाखवता येईल. खरा क्लेम केवळ उशिराच्या कारणावर यांत्रिकपणे नाकारू नये, असं त्यात म्हटलं होतं. मात्र ‘उशिराने नुकसान वाढलं’ या आक्षेपाला ते उत्तर नाही. घसारा किती कापला जाईल, हे पॉलिसीची भाषा आणि ॲड-ऑनवर (जादा हप्ता भरून घेतलेल्या संरक्षणावर) अवलंबून राहील.

कळवूनही लीज कंपनीने क्लेम केला नाही, तर भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 73 वापरता येईल. नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते, ते भरपाई ठरवताना विचारात घ्यावे लागतात. करारात ‘खालच्या बाजूला इजा झाल्यास पूर्ण पॅकची किंमत’ असं कलम असेल, तरी कलम 74 प्रमाणे ती रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. वापरलेल्या पॅकसाठी कोऱ्या पॅकची किंमत वाजवी कशी, हे त्यांनी दाखवायला हवं. किती कमी होईल, याचा आकडा कागद पाहिल्याशिवाय मी देणार नाही.

गाडी स्वतःच्या नावावर, खासगी वापरासाठी असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. तक्रार करायची मुदत दोन वर्षं. अन्याय्य करार म्हणून कलमच रद्द करून हवं असेल, तर जिल्हा नव्हे, राज्य आयोगाकडे जावं लागतं. नोकरीतल्या कंपनीमार्फत लीज असेल तर करारातला पक्षकार बहुधा तुम्ही नाही, आधी तिथल्या मनुष्यबळ विभागाला लेखी कळवा. तपासणी लागणारी तक्रार पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न आयोगाने करावा, असं ग्राहक संरक्षण कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे चीड आणणारं आहे. तोवर पॅक जागेवर राहावा म्हणून तक्रारीसोबतच अंतरिम आदेशाचा अर्ज करा.

पैसे मागणाऱ्या त्या नोटिशीला पंधरा दिवसांच्या मुदतीत उत्तर द्या. पैसे भरणं भागच पडलं तर ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. आणि ‘गेल्याच आठवड्यात आपटली’ अशी तारीख बदलण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बॅटरीच्या संगणकातल्या नोंदींशी ती जुळली नाही, तर आज उशिराचं असलेलं प्रकरण उद्या खोट्या माहितीचं होईल, आणि तेव्हा क्लेमच उरणार नाही.